एका दिव्याची तीन बटणं

उजेडमामांच्या बोर्डाला हात लावायची आजही नाट्यगृहात कुणाची छाती होत नाही, असं उजेडमामा स्वतःच सांगतात. खरं म्हणजे तो बोर्ड कधीच भंगारात गेला, त्या जागी संगणक आला, आणि तो चालवणारी मुलगी मामांना ओळखतही नाही. पण हे मामांना सांगणार कोण? माणूस तसा सरळ, फक्त दिव्याचा विषय निघाला की वाकडा.

मामांनी अख्खी नोकरी नाट्यगृहात प्रेक्षकांच्या पाठीमागच्या एका खोलीत काढली. खोली कसली, काच लावलेलं कपाटच ते. समोर तरफांची रांग, एकेका तरफेला एकेक दिवा. तरफ वर सरकवली की दिवा उजळायचा, खाली आणली की मंद व्हायचा. या सगळ्यांच्या वर एक जाडजूड, काळ्या मुठीची तरफ होती. तिचं नाव मास्टर. बाकीच्या तरफा कितीही वर करा, मास्टर खाली असेल तर रंगमंचावर अंधारच. मामांचा उजवा हात कायम त्या मुठीवर असायचा. नट बदलले, नाटकं बदलली, मालक बदलले, हात बदलला नाही. "एका बोर्डावर एकच हात" हा त्यांचा पहिला कायदा, आणि "बोर्ड सोडताना मास्टर खाली" हा दुसरा. तिसऱ्या कायद्याची त्यांना कधी गरज पडली नाही. एका दिग्दर्शकाने "मामा, मी जरा करून बघू?" म्हणत बोट पुढे केलं, तर मामांनी त्याला चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली आणि गोड बोलत दाराबाहेर नेऊन सोडलं.

त्यांची पहाट मात्र खरोखर नाव घेण्यासारखी होती. काळोखातून असा काही हळूहळू उजेड आणायचे की समोर बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. "उजेड कधी आला हे कळता कामा नये. आला, एवढंच कळलं पाहिजे," असं ते म्हणत. ती पहाट बघायला लोक दुसऱ्यांदा तिकीट काढत, असंही ते म्हणत. निदान एकाने तरी काढलं असेल.

आणि घरी? घरी दिव्याखाली अंधार. झोपायच्या खोलीत एक ट्यूब, तिचं बटण दाराशी, आणि पलंग पार समोरच्या भिंतीला, खिडकीखाली. बटण दाबलं की ट्यूब आधी फडफडायची, मग एकदम डोळ्यांवर यायची. "लोकांकडे यांची पहाट होते, आमच्याकडे वीज कोसळते," असं मामी म्हणायच्या. मामा हसायचे आणि ट्यूब बदलतो म्हणायचे. म्हणण्याला काय जातं!

मामी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. कानाला हेडफोन, समोर बटणांची पाटी, आणि जिभेवर एकच वाक्य, "लाइनवर राहा, जोडून देते." रडत फोन करणारा माणूस त्यांच्या आवाजाने निम्मा शांत व्हायचा. त्यांची पाळी दिवसाची, मामांचे प्रयोग संध्याकाळचे. एकाची चप्पल दाराच्या आत यायची तेव्हा दुसऱ्याची बाहेर पडायची. मामा प्रयोग संपवून यायचे तोवर मामी झोपलेल्या असायच्या आणि पॅसेजमध्ये एक छोटा दिवा जळत असायचा. मामा तो बंद करून आत जायचे. नळाला पाणी येतं तसा तो दिवा तिथे असायचा, त्यामुळे त्यावर विचार करायचं मामांना काही कारण नव्हतं.

दोघांची नोकरी संपली तेव्हा कुठे त्यांची धड ओळख झाली म्हणा ना. सकाळचा चहा समोरासमोर बसून प्यायचा, हेच मुळी नवीन होतं. मामींना चहात आलं लागतं आणि आपण इतकी वर्षं बिनआल्याचा करून ठेवत होतो, हे मामांना तेव्हा कळलं. चहा थंड झाला तरी दोघं उठायचे नाहीत. मामा नाट्यगृहातल्या गोष्टी सांगायचे, मामी एक्स्चेंजवरच्या, आणि दोघंही एकमेकांना म्हणायचे, "हे कधी बोलला नाहीत!" "हे कधी बोलली नाहीस!"

आणि अशात मामी पडल्या.

थंडीचे दिवस, बाहेर उजाडायचं होतं. मामी बाथरूमला जायला उठल्या आणि पलंगापासून थोड्याच अंतरावर कोसळल्या. दाराशी जाऊन बटण दाबण्याआधीच अडखळल्या, असं सगळ्यांनी धरलं. खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्याच जुन्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि तिथल्या जुन्या नर्सनी चेहरा बघायच्या आधी आवाजावरून त्यांना ओळखलं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता वॉकर धरून रोज चालायचं. पलंगापासून बाथरूम, बाथरूमपासून पलंग. घाई नाही, पण एकटीने चालायचं."

एकटीने, इथेच घोडं अडलं. मामांचा दंड धरून मामी जायच्या. पण हात सोडला की पाय उचलायचा नाही. दिवस कलला की तर वॉकरकडे बघायच्यासुद्धा नाहीत. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना धीर दिला, तिला त्या चार हातांच्या जमिनीची भीती बसली होती.

लेक दुसऱ्या गावी राहायची. रोज फोन करायची, आणि रोज तिला तेच उत्तर मिळायचं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी रविवारी येते. आई एकटी बाथरूमला जाऊन आली तर प्रश्नच नाही. नाही तर मी तिला घेऊन जाते. इथे दिवसभर बाई ठेवता येईल. तिच्यासाठी खोली रिकामी केलीय."

"आणि मी?"

"तुम्ही येत-जात राहा ना."

लेकीचं काही चुकत नव्हतं. तिचं घर लहान, माणसं जास्त, काळजी खरी. पण ते "येत-जात" मामांच्या जिव्हारी लागलं. जन्मभर दुसरं केलं काय होतं? आत्ता कुठे दोन खुर्च्या समोरासमोर आल्या होत्या.

मामा विचाराला बसले. भीती कशाची? अंधाराची. ट्यूब लावावी तर मामी डोळे मिटून घेत आणि आणखी डगमगत. म्हणजे हवा होता हळूहळू येणारा उजेड, आणि तो पलंगावरून आणता यायला हवा. अरेच्चा, हा तर आपलाच विषय! मामांना हुरूप आला. बाजारात जाऊन त्यांनी मंद होऊ शकणारा एक बल्ब आणला आणि फिरवायच्या गोल खटक्याचे दोन डिमर. ट्यूब उतरवली. एक डिमर दाराशी, दुसरा मामींच्या उशाशी, दोन्ही त्याच तारेवर एकापुढे एक. दुपारभर खपून त्यांनी हे काम केलं आणि कुणालाही विचारलं नाही. विचारायचं कुणाला, जन्म गेला त्यात.

"हे बघ," मामांनी मामींना समजावलं, "दाराशी आहे तो मास्टर. तुझ्या उशाशी आहे ती तुझी तरफ. मास्टर वर असला की तू तुला हवा तेवढा उजेड कमी-जास्त कर."

"आणि मास्टर खाली असला की?"

"तो माझ्याकडे असतो. तू कशाला काळजी करतेस?"

"वा!" मामी म्हणाल्या. "घरात काय दिवे लावलेत!"

पण पहिल्या संध्याकाळी मामींनी खटका फिरवला, खोली हळूहळू उजळली, आणि त्यांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "उद्या बघते," त्या वॉकरकडे पाहत म्हणाल्या. मामांना वाटलं, जिंकली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मामा संध्याकाळी औषधं आणायला निघाले. खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात दाराशी गेला आणि त्याने खटका उलटा फिरवून जवळजवळ पूर्ण खाली आणला. मामांनी तसं ठरवलं नव्हतं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. बोर्ड सोडताना मास्टर खाली, हे हाताला पाठ होतं, आणि हातानेच ते केलं.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. मामा परत आले तेव्हा बाहेर अंधारलं होतं. खोलीत काजळीसारखा उजेड, बल्ब थरथरत होता, आणि कुठूनसा गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. मामी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. पाय जमिनीवर, दोन्ही हात वॉकरवर. उठायच्या तयारीत बसल्या होत्या आणि तशाच बसून राहिल्या होत्या.

"अगं, काय झालं?"

मामी भिंतीकडे बघत होत्या. "माझा खटका पूर्ण फिरवला. उजेड येईच ना. मग थरथरायला लागला. म्हटलं तुम्ही याल." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चादर बदलावी लागेल."

मामांनी चादर बदलली. मामींचे कपडे बदलले. सगळं आवरल्यावर मामी उशीवर मान टेकून म्हणाल्या, "लेकीला फोन करा. रविवारपर्यंत कशाला थांबते, उद्याच ये म्हणावं. मी जाते तिच्याकडे."

मामांनी फोन उचलला. पण लेकीला लावला नाही. त्यांनी टेस्टरला लावला.

टेस्टर हा नाट्यगृहाचा जुना वायरमन. खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, लग्नाच्या फोटोतसुद्धा, म्हणून हे नाव. प्रेक्षकांना दिसणारा उजेड मामांचा, भिंतीतली तार टेस्टरची, अशी दोघांची वाटणी. फ्यूज उडाला की मामा म्हणायचे तार खराब, टेस्टर म्हणायचा तुझे दिवे जास्त. या भांडणावर दोघांची दोस्ती उभी होती. शनिवारी सकाळी तो आला, दाराशी असलेली पट्टी उघडली, उशाशी असलेली पट्टी उघडली, आणि हसत हसत खाली स्टुलावर बसला.

"अरे उजेड्या, हे घर आहे की थिएटर? एका दिव्याला एकापुढे एक दोन डिमर? पहिला करंट कापून पुढे देतो, दुसरा तो कापलेलाच पुन्हा कापतो. दोन सासवांच्या हातात एक सून दिलीस की! ती थरथरणार नाही तर काय करेल?"

"आमच्या बोर्डावर मास्टर असाच चालायचा," मामा म्हणाले.

"तुमच्या बोर्डावर आत वेगळी मांडणी होती, ती मी केली होती. तू फक्त मूठ धरत होतास."

मामांनी हे ऐकलं आणि गिळलं. एरवी त्यांनी तासभर वाद घातला असता. "मग आता काय करायचं ते सांग," ते म्हणाले. टेस्टरने चमकून पाहिलं. मामांच्या तोंडून हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"डिमर एकच," तो म्हणाला. "तो भिंतीच्या डबीत गप्प बसेल. आणि त्याला जोडायची साधी बटणं, दारावरच्या बेलची असतात ना, तसली. एक लाव, तीन लाव, पाच लाव. दाबून सोडलं की दिवा लागतो, पुन्हा दाबून सोडलं की जातो. दाबून धरलं की उजेड वाढत जातो, हवा तिथे बोट काढायचं. पुन्हा धरलं की उतरत जातो. हे सगळं कुठल्याही बटणावरून."

"आणि त्यातलं मास्टर कुठलं?"

"कुठलंच नाही. सगळी सारखी. जो दाबेल त्याचं राज्य."

"असं कसं? दोन माणसांनी दोन बाजूंनी दाबलं तर?"

"तर भांडा आपसात. तो काही वायरिंगचा दोष नाही." मग टेस्टर पलंगाकडे वळला. मामांनी जे केलं नव्हतं ते त्याने केलं. "वहिनी, बटणं कुठे कुठे हवीत?"

मामी आदल्या संध्याकाळपासून फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग टेस्टरकडे. "एक इथे, उशाशी. हाताला सहज लागेल असं. एक दाराशी, यांना हवंच. आणि एक बाथरूमच्या दाराशी. तिथे पोहोचल्यावर दिवा माझ्या मागे राहतो आणि माझीच सावली पुढे पडते ना."

"बरोबर. पण वहिनी, पडलात त्या दिवशी बटणाकडेच निघाला होतात ना? म्हणजे कुठून कुठे चालता ते बघून तारांची पट्टी मारतो."

"छे हो. बटणाकडे मी कधीच जात नसे."

"मग अंधारात चालायचात?"

"ती ट्यूब लावली की आधी फडफडायची आणि मग डोळ्यांत घुसायची. हे प्रयोग करून उशिरा आलेले. दिव्यांकडे बघून डोळे लाल झालेले असायचे. एकदा झोप मोडली की यांना परत लागत नाही. मग मी भिंतीला हात लावून जायचे. सवय झाली होती हो. यांची नोकरी संपली, माझी सवय राहिली." मामींनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पांघरूण सारखं केलं.

मामा खाली सांडलेले स्क्रू वेचत होते. वेचून झाले तरी ते उठले नाहीत. रंगमंचावर नटाला अंधारात एक पाऊल टाकायचं असलं तरी मामा आधी जाऊन जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून यायचे, पोराचं पाऊल चुकू नये म्हणून. आणि घरात ही बाई त्यांच्या झोपेसाठी वर्षानुवर्षं काळोखात चाचपडत चालली होती. तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना तिच्याकडे बघायची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की काय करावं कळेना. शेवटी ते टेस्टरला म्हणाले, "शिडी धरू?"

"धर. पण हात लावायचा नाही कशाला. एका बोर्डावर एकच हात. कायदा तुझाच आहे."

मामांनी शिडी धरली. टेस्टरने मेन बंद केला, जमिनीलगत पांढरी पट्टी मारून तिच्यातून तारा नेल्या, तीन डब्या बसवल्या. उशाशी असलेलं बटण बसवण्याआधी त्याने मामींना आडवं व्हायला सांगितलं, हात कुठे पडतो ते पाहिलं आणि तिथेच पेन्सिलने खूण केली. दुपारपर्यंत काम झालं. मेन चालू करून तो म्हणाला, "वहिनी, उद्घाटन."

मामींनी खिडकीचा पडदा ओढायला लावला आणि बटण दाबून धरलं. काळोखात बल्ब आधी नुसता तांबूस झाला, मग पिवळा, मग सगळी खोली दिसायला लागली. मामींनी बोट काढलं. उजेड तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा धरलं, उतरवला. पुन्हा चढवला. पुन्हा उतरवला. लहान मुलीच्या हाती बाहुली लागावी तसं त्यांचं चाललं होतं. दाराशी उभ्या मामांना राहवेना. "अगं, एवढा नको, डोळ्यांना त्रास होईल," म्हणत त्यांनी आपलं बटण धरलं आणि उजेड कमी केला. मामींनी वाढवला. मामांनी कमी केला. मामींनी त्यांच्याकडे रोखून बघत वाढवला.

"हे मला दुरुस्त करता येणार नाही," असं म्हणून टेस्टरने पिशवी उचलली. मामांनी दारापर्यंत जाऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुझे उपकार विसरणार नाही," ते म्हणाले. टेस्टरने हात सोडवून घेतला. "फ्यूज उडाला तर तुझ्या दिव्यामुळे," एवढं म्हणून तो जिना उतरला.

संध्याकाळी मामींनी आपणहून पाय खाली सोडले. बटण धरून उजेड आणला, वॉकर पुढे ओढला. मामा दाराशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. एक हात बटणाकडे जाईल म्हणून दुसऱ्या हाताने त्याला धरून ठेवलं होतं.

"अहो, तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"मी काही बोलतोय का?"

"तुमचा श्वास ऐकू येतो."

मामा दार ओढून घेऊन पॅसेजमध्ये खुर्चीवर जाऊन बसले. वॉकरचे रबरी पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, मग पाऊल घासल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. मामा अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मग वॉकर पुन्हा टेकला. पुन्हा पाऊल. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतला उजेड उतरला आणि पुन्हा वाढला. तिकडच्या बटणापर्यंत पोहोचल्या होत्या! मामांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टेस्टरला असतील, हाड जोडणाऱ्या डॉक्टरला असतील, एका दिव्याला कितीही बटणं लावता येतात हे पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आलं त्यालाही असतील.

रविवारी दुपारी लेक आली, ती रिकामी कापडी बॅग घेऊनच. आईचे कपडे त्यात भरायचे हे ठरवून आली होती. आल्या आल्या आईला मिठी मारली, बाबांना वाळलात म्हणाली, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले. अंधार पडायला लागला तशा मामी उठून बसल्या आणि उशाच्या बटणाने उजेड आणला. "ये गं इकडे," त्यांनी हाक मारली आणि वाट न बघता निघाल्या. मामा दाराशी, हात पाठीमागे.

मामी खोलीच्या मधोमध आल्या होत्या, आणि लेक ओल्या हाताने घाईघाईत आत आली. लहानपणापासूनची सवय, खोलीत शिरताना दाराशी असलेलं बटण दाबायचं. तिने दाबलं. दाबून सोडलं.

दिवा गेला.

"आई!" लेक किंचाळली. मामांचा हात सुटून बटणाकडे झेपावला. बटण वीतभर अंतरावर होतं.

"कुणी हात लावायचा नाही," काळोखातून मामींचा आवाज आला. शांत, स्वच्छ, एक्स्चेंजवरचा. "लाइनवर राहा. जोडून देते."

मामांचा हात हवेतच थांबला. दुसऱ्या कुणाच्या हाताची वाट बघणं हे या माणसाला जन्मात जमलं नव्हतं, आणि आता त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लेकीने त्यांची बाही घट्ट धरली होती. वॉकर टेकला. पाऊल घासलं. वॉकर टेकला. भिंतीवर तळहात फिरल्याचा आवाज आला. मग बाथरूमच्या दाराशी काहीतरी तांबूस दिसलं, मग मामींचा हात दिसला, खांदा दिसला, चेहरा दिसला. उजेड कधी आला ते मामांना कळलं नाही. आला, एवढंच कळलं.

मामी भिंतीला एक हात लावून उभ्या होत्या. लेक हुंदके देत आणि हसत, दोन्ही एकदम करत, पुढे धावली.

"थांब गं," मामी म्हणाल्या. "आले आहे ज्या कामाला ते तरी करू दे." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

लेकीने डोळे पुसले. रिकाम्या बॅगेची घडी घालून ती तिने आपल्या पर्समध्ये कोंबली. "बाबा," ती म्हणाली, "अशी तीन बटणं आमच्याकडेही लावून द्या." मामा म्हणाले, "टेस्टरला सांग. मला त्यातलं काही कळत नाही." हे वाक्यही त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं.

लेकीला गाडीत बसवून मामा परतले. पाय दुखत होते, पण माणूस हवेत होता. जिना चढून कुलूप उघडलं. पॅसेजमध्ये अंधार होता. तिथला छोटा दिवा लावायला मामींना उठून यावं लागलं असतं, आणि तेवढी मजल अजून दूर होती. मामा दारात चप्पल काढायला वाकले, आणि खोलीच्या उघड्या दारातून उजेड सरकत बाहेर आला. आधी फरशीवर, मग त्यांच्या पायांवर, मग हळूहळू वर. घाई नाही, धक्का नाही. त्यांना स्वतःला याहून चांगली पहाट करता आली नसती.

मामा तिथेच उभे राहिले. आजवर त्यांनी दुसऱ्यांवर उजेड टाकला होता, स्वतः कायम काचेमागच्या काळोखात. आपल्यासाठी कुणी कधी दिवा लावला नाही, असं त्यांना आत्ता आत्तापर्यंत वाटत होतं. आणि रोज रात्री ते घरी यायचे तेव्हा इथेच, याच जागी, एक दिवा जळत असायचा. तो ते स्वतःच्या हाताने बंद करायचे.

"अगं," ते दारातूनच म्हणाले. "तो पॅसेजमधला दिवा. तू ठेवायचीस ना रोज?"

"मग काय भुतं येऊन लावायची?"

"मी कधी काही बोललो नाही त्यावर. फार चांगलं वाटायचं गं घरी आल्यावर. सांगायचं राहून गेलं."

मग मामी म्हणाल्या, "सांगितलंत ना आता. या आत. बोट दुखायला लागलं माझं."

"मग सोड की. सोडलं तरी उजेड राहतो."

"माहीत आहे," मामी म्हणाल्या. "तुम्ही आत येईपर्यंत धरते."